अर्जदार स्वतःच मयत

आई गेली त्या वर्षी घरातला सगळ्यांत कामाचा माणूस मीच आहे असं मला वाटत होतं. मृत्यूचा दाखला मी आणला, बँकेत मी गेलो, गॅसचं कनेक्शन बाबांच्या नावावर मी करून घेतलं. केंद्र सरकारच्या कार्यालयात बावीस वर्षं कारकुनी केलेली, त्यामुळे फॉर्म समोर आला की माझा हात आपोआप चालू लागतो. लोकांना फॉर्म पाहून घाम फुटतो, मला उलट बरं वाटतं. मला रडता येत नव्हतं म्हणून मी फॉर्म भरत सुटलो होतो, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही जबलपूरला कांचघर भागात राहतो. मूळ भंडाऱ्याकडचे. आजोबा कामाच्या शोधात इकडे आले आणि आयुष्यभर अंगठा लावत गेले. बाबा मॅट्रिक झाले, संरक्षण खात्याच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांची सही हा आमच्या घरातला चेष्टेचा विषय होता. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही पूर्ण, देवनागरीत, आणि शेवटी वरून एक सरळ रेघ. बँकेत त्यांच्या मागे उभा असलेला माणूस घड्याळ बघायला लागायचा. आई म्हणायची, "यांची सही होईपर्यंत वरण उकळून जाते." बाबा हसायचे आणि तितक्याच सावकाश पुढची सही करायचे. बापाच्या अंगठ्याची भरपाई ते करत असावेत. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, मीच आपला अंदाज करतो.

सहावीत असताना प्रगतिपुस्तकावर मी त्यांची सही हुबेहूब काढली होती. गणितात नापास झालो होतो. बाबांनी मला जन्मात एकदाच मारलं, ते त्या दिवशी. नापास झाल्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

निवडणूक म्हणजे बाबांचा सण. मतदानाच्या दिवशी पहाटे आंघोळ, पांढरा इस्त्रीचा शर्ट, तसबिरीसमोर हात जोडून वंदना, आणि साडेसहाला शाळेच्या फाटकाशी हजर. मतदान सातला सुरू होणार. गल्लीतले लोक म्हणायचे, "काकाजी, मशीन से पहले आप पहुँच जाते हो." पहिला नंबर हुकला तर दिवसभर चुटपुट. कोणाला मत दिलं हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही आणि आईनेही त्यांना सांगितलं नाही. चाळीस-बेचाळीस वर्षांचा संसार, पण तेवढं एक दोघांनी आपापल्यापाशी ठेवलं. मी कॉलेजात असताना एकदा शहाणपणा केला होता, की एका मताने काय होतं. बाबा म्हणाले, "साहेबाच्या मताले दोन नाई मोजत अन् माह्या मताले अर्धं नाई मोजत. दुसरी कोनती जागा हाये अशी, सांग."  

विहारात सव्वीस नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका वाचतात. एकाने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. पुढे म्हणायचा मान वर्षानुवर्षं बाबांचा. वाचून झालं की पोरांना दोन शब्द सांगायचे, ते नेहमी कर्तव्यावर. हक्क सगळ्यांना पाठ असतात, कर्तव्य विचारलं की घसा बसतो, असं त्यांचं म्हणणं. पोरं कंटाळायची. माझी मुलगी पहिल्या रांगेत बसून जांभया द्यायची, पण आजोबांकडे बघून मान हलवायची.

आई गेल्यावर पाच-सहा महिन्यांनी मतदार याद्यांचं काम निघालं. आमच्या भागाचं काम एका सरकारी शाळेतल्या शिक्षिकेकडे होतं. एका दुपारी त्या घामाघूम होऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "भैया, माताजी का नाम कटवाना हो तो ये भर दीजिए. मैं आगे की गली करके आती हूँ."

बाबा खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "राहू दे नं. तिचं नाव कोनाचं काय खाऊन राहिलं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी त्यांनाच त्यांचा धडा शिकवला. म्हणालो, "बाबा, मयताचं नाव यादीत राहिलं तर तिच्या नावावर उद्या भलताच कोणी मत टाकेल. तुम्हीच सांगता ना विहारात, नागरिकाचं कर्तव्य म्हणून?" त्यावर बाबा उठले, कपाट उघडलं, बडा फुहारा बाजारातल्या कापड दुकानाची एक प्लास्टिकची थैली काढली. त्यात दोघांची मतदार कार्डं एकमेकांना चिकटून ठेवलेली. थैली माझ्या हातात देताना म्हणाले, "नीट पाहून घे बरं."

मी म्हणालो, "बाबा, दिवसभर हेच करतो मी."

ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी भराभर भरायला घेतलं. नाव कमी करायचा अर्ज त्याच भागातल्या मतदाराने करायचा असतो. माझं नाव जुन्या बदलीच्या गावच्या यादीत पडलेलं. परत येऊन आठ वर्षं झाली तरी मी ते हलवलेलं नव्हतं. कर्तव्यावर व्याख्यान देणाऱ्या माणसाची ही तऱ्हा. मग अर्जदार म्हणून बाबांना घातलं. खाली, ज्याचं नाव कमी करायचं त्या रकान्यात आईचं नाव लिहिलं, कारण लिहिलं, आणि थैलीतल्या वरच्या कार्डावरून नंबर उतरवला. आईचा दाखला जोडला. सही राहिली होती. बाबांना उठवावंसं वाटलं नाही. घरच्या कागदावर घरच्याची सही करायला काय होतं, असं आम्ही कारकून लोक मानतो. सहावीत जमली होती ती आता जमणार नाही थोडीच. तिन्ही नावं पूर्ण लिहिली, वरून रेघ ओढली. बाई आल्या तेव्हा कागद तयार होता. मोबाईलमध्ये त्याचा फोटोसुद्धा काढून ठेवला, सवयीने.

दहा-बारा दिवसांनी त्यांचा फोन आला. "भैया, आपके यहाँ डेथ हुई थी न?" मी म्हणालो, "जी, हुई थी." "चलो, ठीक है." एवढीच काय ती चौकशी.

विधानसभेची निवडणूक आली. त्या वर्षी मुलगी अठरा पूर्ण करून बसली होती, तिचं नाव यादीत आलं होतं. बाबांना आईनंतर पहिल्यांदा हुशारी आलेली मी पाहिली. "पोट्टीले मी नेईन. तुम्ही कोनी मधात येऊ नका," असं त्यांनी आठ दिवस आधीच बजावलं. मतदानाच्या चिठ्ठ्या घरी आल्या त्या बायकोने फ्रिजवर ठेवल्या. किती आल्या ते कोणी पाहिलं नाही. बाबा चिठ्ठी कधी घेतच नसत. खिशात कार्ड असलं की झालं.

साडेसहाला दोघं फाटकाशी पहिल्या-दुसऱ्या नंबरावर. बाबांनी नातीला पुढे उभं केलं. मला आत जायचा हक्क नव्हता, मी रस्त्याच्या कडेला स्कूटरवर बसून राहिलो. सातला दार उघडलं. पंधरा मिनिटांनी मुलगी बाहेर आली. बोटाला शाई होती आणि डोळे भरलेले. ती मराठी समजते, पण बोलायची वेळ आली की हिंदीत शिरते.

"पापा, आजोबा का नाम कटा हुआ है. फोटो के ऊपर विलोपित लिखा है. और आजी का नाम है. आजी की फोटो है."

मागून बाबा आले. आत काय झालं ते मला तिने नंतर सांगितलं. यादीवरच्या माणसाने आईच्या फोटोवर बोट ठेवून म्हटलं होतं, "ये आपकी मिसेज होंगी? आपका तो नहीं है, उनको भेज दीजिए." बाबा म्हणाले, "वो तो चली गईं." तो माणूस घाईत होता. त्याला वाटलं मत देऊन गेली असेल, म्हणून त्याने खूण शोधायला पान उलटलं. बाबांनी नातीला सांगितलं, तू टाक आधी. ती मशीनजवळ जाऊन परत येईपर्यंत ते भिंतीशी उभे राहिले, आणि लोक त्यांच्या बाजूने पुढे सरकत राहिले.

स्कूटरपाशी येऊन ते मला एवढंच म्हणाले, "तुही माय हाये यादीत. मी नाई."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ती आली नाही, राग आला. मी त्या शिक्षिकेला फोन लावला आणि रस्त्यात उभं राहून तोंडाला येईल ते बोललो. जिवंत माणसाला मारलं, तुमची तक्रार करतो, नोकरी घालवतो. त्या बिचाऱ्या ड्युटीवरच होत्या, रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "भैया, मैंने तो आपका ही फॉर्म लगाया है." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. दुपारी घरी येऊन मी त्यांची चूक पुराव्यानिशी दाखवायची म्हणून मोबाईलमधला फोटो उघडला. वर अर्जदाराचा नंबर, खाली मयताचा नंबर. दोन्ही एकच. थैलीतलं वरचं कार्ड बाबांचं होतं. नाव मी आईचं लिहिलं होतं, पण कॉम्प्युटरला नावाशी काय देणंघेणं, तो नंबर बघतो. अर्जदार स्वतःच मयत, आणि त्याने आपल्या मरणाचा अर्ज सहीनिशी दिलेला. तो कागद किती टेबलांवरून गेला असेल, कोणालाही हसू आलं नाही.

बाबांना सांगणं भाग होतं. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि नंबरची चूक दाखवली. त्यांनी नंबर पाहिलाच नाही. चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हे सही मी नाई केलेली."

"मी केली, बाबा. तुम्ही पडला होता."

त्यांनी मोबाईल परत दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठून अंगणात गेले आणि मोगऱ्याच्या बाजूचं सुकलेलं गवत उपटत बसले.

नाव परत घालायला नवा अर्ज केला. अठरा वर्षांच्या नातीने भरला तसाच, नवीन मतदार म्हणून. एक-दीड महिन्याने सुनावणीला बोलावलं. त्याआधी मी रोज आमच्या कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला गोलगोल विचारत होतो, की सरकारी नोकराने निवडणुकीच्या कागदावर दुसऱ्याची सही केली तर काय होतं. तो म्हणाला, "काय होतं म्हणजे? जाते नोकरी. कोण आहे तो गाढव?" मी म्हणालो, आहे एक ओळखीचा. हे सगळं मी घरी बायकोला सांगत होतो. बाबा दुसऱ्या खोलीत असायचे. आमच्या घराच्या भिंती काही फार जाड नाहीत.

सुनावणीला बाबांनी तोच पांढरा शर्ट घातला. अधिकारी तरुण होते, बोलायला गोड. बाबांना खुर्ची दिली, मी मागे उभा. त्यांनी फाइल उघडली, माझा फॉर्म काढला, वाचला आणि हसू आवरत म्हणाले, "दादाजी, ये तो आपने खुद ही अपना नाम कटवा लिया." टेबलाशी बसलेले दोन बाबू हसले. मग अधिकाऱ्यांनी नवा अर्ज जुन्याशेजारी ठेवला. दोन सह्या बाजूबाजूला आल्या. एकीत म्हातारपणाचा कंप होता, दुसरीत नव्हता. माझ्यासारख्या कारकुनाला तो फरक दारातून दिसला असता.

"ये दस्तखत आपके ही हैं?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. तोंड उघडायचं होतं, बस. मी घसा साफ केला, आणि बाबांना तो आवाज ऐकू गेला असणार, कारण ते लगेच बोलले.

"जी साब, मेरे ही हैं. पत्नी का नाम कटवाना था, नंबर अपना डाल दिया. उमर हो गई है. गलती हो गई, माफ कर दीजिए."

असं म्हणून त्यांनी हात जोडले. विहार आणि घरची तसबीर सोडली तर मी माझ्या बापाला कोणापुढे हात जोडताना पाहिलेलं नव्हतं. कारखान्यात साहेबापुढेही नाही.

अधिकारी बाबांकडे पाहत राहिले, मग एकदा माझ्याकडे. त्यांना कळलं असावं. "यही लिखकर दे दीजिए," ते म्हणाले. बाबांनी लिहून दिलं. सावकाश, सगळी नावं पूर्ण. मग आईचं नाव कमी करायचा खरा अर्जही त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांनी त्यावरही सही केली. दोन्ही सह्यांना मिळून पाच-सात मिनिटं लागली असतील. खोलीत कोणी घड्याळ पाहिलं नाही.

स्कूटरवर परत येताना मी म्हणालो, "बाबा, तुम्ही वाचवलं मला."

मागून आवाज आला, "पोट्टीचं शिक्षन राहिलं हाये अजून." कमानिया गेटच्या गर्दीत आम्ही बराच वेळ अडकलो होतो. 

मार्चमध्ये कार्ड आलं. नवं, चकचकीत, बाबांच्या नव्या फोटोचं. मी ते मिरवत घरात आणलं, जसं काही मी काहीतरी जिंकून आलो होतो. बाबांनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि कपाटात ठेवायला सुनेकडे दिलं. मला वाटलं, झालं, मिटलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, आमचं त्याआधीच झालं म्हणून मी खूशही होतो.

लोकसभेचं मतदान होतं त्या दिवशी मी सहाला उठलो. तोपर्यंत मीही माझं नाव इकडे आणून घेतलं होतं. मुलगी तयार होऊन बसली होती. बाबा बनियनवर खाटेवर बसलेले, पेपर मांडीवर. मी म्हणालो, "बाबा, चला ना, साडेसहा होत आले." मुलगी म्हणाली, "आजोबा, इस बार मैं आपके पीछे खड़ी रहूँगी."

बाबा तिला म्हणाले, "तू जा पप्पासोबत. मी नाई येत."

"क्यों?"

बाबांनी तिला हातानेच जायची खूण केली. ती चपला घालायला बाहेर गेल्यावर मी खाटेपाशी बसलो. तब्येत विचारली. गुडघे दुखतात का विचारलं. उन्हाची भीती असेल तर रिक्षा आणतो म्हणालो. जे मला माहीत होतं ते सोडून सगळं विचारलं.

शेवटी तेच म्हणाले, "ते नाव मी खोटं लिहून आनलं. त्या नावानं मत नाई टाकता येत मले."

"बाबा, खोटं माझ्यासाठी बोललात तुम्ही. चूक माझी आहे."

"मालूम हाये. तुह्यासाठी बोललो, त्याचं मले काई नाई, अजूनबी बोलीन. पन मत टाकाले मी त्या खोलीत जाऊन नाई शकत आता." मग पेपर उघडून म्हणाले, "जा, पोट्टी वाट पाहून राहिली."

मी गेलो. मत दिलं. बोटाला शाई लावून घरी आलो तेव्हा बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं नाही, मुलीचा हात तेवढा हातात घेऊन पाहिला.

त्या नोव्हेंबरात विहारात उद्देशिका दुसऱ्या एका गृहस्थांनी वाचली. बाबांनी घसा बसल्याचं कारण सांगितलं आणि शेवटच्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर मागून म्हटलं. त्यांचा घसा उत्तम होता. मी शेजारीच होतो.

त्यानंतर ते दीड वर्षं जगले. या दीड वर्षात मला एकच काम करायचं होतं. त्या गोड बोलणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जायचं, आणि सांगायचं की साहेब, म्हातारा खोटं बोलला, कागद मी केला. मग त्यांचं नाव खरेपणाने परत आलं असतं आणि पुढच्या मतदानाला ते साडेसहाला फाटकाशी गेले असते. मला सगळं माहीत होतं. अर्ज कसा लिहायचा, कोणत्या टेबलावर द्यायचा, पोच कशी घ्यायची. मी मनात तो अर्ज शंभर वेळा लिहिला. दर वेळी मुलीची फी, घराचा हप्ता, निवृत्तीला राहिलेली वर्षं आठवायची आणि मी उद्यावर ढकलायचो. बाबांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गेलो असतो, असं मी स्वतःला सांगतो. तेही बहुधा खोटंच आहे.

बाबा गेले. यादीच्या कामाला आता दुसऱ्या बाई आहेत. त्या परवा येऊन फॉर्म देऊन गेल्या. बाबांचा नंबर मी तीनदा पडताळून लिहिला आहे. अर्जदार या वेळी मीच आहे. खाली सहीची जागा तेवढी रिकामी आहे, आणि चार दिवस झाले, माझ्याच नावाची सही करायला माझा हात उचलत नाही.